पाण्याकडं पाठ करून

आमच्या दुष्काळी आटपाडीकडं पाणी दिसलं की माणूस हरखून जातो. मी मात्र आमच्याच शेततळ्याला भ्यायची. खोटं कशाला सांगू, अजून भिते.

तळं सरकारी अनुदानातलं. आमी मेंढरं राखणारी माणसं. मालक कळपामागं महिनोन्‌महिने परमुलखात, म्हणून सासऱ्यांनी जमीन माझ्या नावावर केलेली. शेताच्या कोपऱ्यात मोठा खड्डा खणला, त्यात काळं प्लॅस्टिक अंथरलं, बोअरचं पाणी सोडलं. आणि पाणी भरतंय न भरतंय तोच एक कोकरू प्यायला वाकलं ते आत गेलं. त्या प्लॅस्टिकवर खुरं टिकत न्हाईत बघा. चढायचं, घसरायचं, परत चढायचं. मी काठावर नुसती ओरडत होते. मालक तवा कळपासंगट घरीच होते, पण ते दोर घेऊन येईपर्यंत कोकरू खाली गेलं. खुरांची ती खरखर माझ्या कानातून काही जाईना.

अशात कृषी सहायक बाई फोटो काढायला आल्या. बाई कसली, माझ्या नातीच्या वयाची पोरगी. तिनं समजावलं, जमीन ज्याच्या नावावर तोच फोटोत पाहिजे, मागं पाणी आणि प्लॅस्टिक दिसलं पाहिजे. असा फोटो मोबाइलवरनं सरकारकडं गेल्याशिवाय अनुदान खात्यात येत न्हाई. मी म्हटलं, मालकांचा घ्या की, उंचपुरे हायेत, शोभून दिसतील. ती हसली, पण ऐकलं न्हाई.

चढले मग तळ्याच्या बांधावर. पाण्याकडं पाठ केली. समोरचं पाणी निदान दिसतं तरी. मागचं पाणी नुसतं डुबुक डुबुक वाजत होतं.

"मावशी, थोडं मागं सरा."

सरले.

"अजून जरा. प्लॅस्टिक दिसंना."

टाचेखाली माती संपली आणि गुळगुळीत लागलं. आता माझी एक खोड सांगते. मी भ्याले की जीभ आपोआप टाळूला लागते, टक्‌ टक्‌ टक्‌. रानात लांडग्याची चाहूल लागली की मी याच आवाजानं मेंढरं जवळ बोलवायची. त्या दिवशी तो आवाज तोंडातून निघतोय हे माझं मलाच कळलं न्हाई. कळलं तवा म्होरकी मेंढी बांध चढत होती.

हिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. माझ्या हाकेला ती आगीतसुद्धा येईल. आणि तिच्या मागं बाजरीच्या रानातला सगळा कळप. मेंढराची जात अशी, पहिली जिथं जाईल तिथं सगळी जाणार. मी बाजूला झाले असते तर ती सरळ पाण्यात आणि तिच्या मागं आमचं सगळं घरदार पाण्यात.

मी हलले न्हाई. खाली बसले आणि धावत आलेल्या मेंढीच्या गळ्याला मिठी मारली. तिच्या धक्क्यानं एक पाय सरकन प्लॅस्टिकवर गेला. खालून मालकांचा आवाज आला, "सोडू नगंस गं, सोडू नगंस!" घोंगडं फडकावत ते कळपाच्या आडवे पळत होते. मी डोळे गच्च मिटले. कानात परत तीच खरखर, आता माझ्याच पायाची.

कळप वळला. मग पोरीनं हाताला धरून मला वर ओढलं. बोट कधी दाबलं गेलं तिला कळलं न्हाई, पण फोटो निघाला होता. डोळे मिटलेली मी, मेंढीच्या गळ्यात पडलेली, मागं पाणी.

"सगळं दिसतंय मावशी," ती म्हणाली. "चालतंय हे."

मालकांनी फोटोत वाकून बघितलं. "दोघींच्या नावानं येतंय का मग अनुदान?"

मला हसू आलं न्हाई. पायातली चप्पल पाण्यात गेलेली होती.

अनुदान आलं तवा मालक म्हणाले, डाळिंबाची रोपं आणू. मी म्हटलं, आधी तारेचं कुंपण, मग तुमची रोपं. तारा ओढून झाल्या, फाटकाला साखळी लागली, पडलेल्याला धरून चढता यावं म्हणून चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले. तरी त्या बाजूनं जाताना मी जीभ दाताखाली धरून चालते. म्होरकी लांबून बघत असती.