निमाईच्या लाँचवरचा वायरलेस सेट

या पानावर लोक लिहितात ते अनुभव सून मला वाचून दाखवते. निम्मे ऐकून मी म्हणतो, झोपेत पडलेलं स्वप्न आहे. उरलेल्यांना म्हणतो, पोटात गॅस झाला असेल. माझं वय चौऱ्याहत्तर. आजवर भूत, भानामती, नजर, काही मानलं नाही. मीटरचा काटा हलला तर हलला, नाही तर नाही... एवढाच माझा धर्म. तरी हे लिहितोय. मी वहीत लिहिलं, सूनबाई टाइप करते. नातीला मराठी बोलता येतं पण लिहिता येत नाही, तो विषय वेगळा.

मी चौथी पास. गाव सातारा जिल्ह्यात. सरकारी वायरलेस वर्कशॉपात खलाशी म्हणून लागलो — म्हणजे बोटीवरचा नव्हे, सामान उचलणारा — आणि मेकॅनिक होऊन रिटायर झालो. बदलीवर कलकत्त्याला आलो, इथेच डमडमला घर घेतलं. इंजिनियर साहेब लोक वही उघडायचे, मी सेट उघडायचो. सेट माझ्याकडूनच सुरू व्हायचा. हे मी फुशारकीने सांगतोय, आणि सांगणारच.

आता घरीच टेबल मांडलंय. नदीवरच्या छोट्या लाँचवाल्यांचे व्ही.एच.एफ. सेट माझ्याकडे येतात. आपल्या साध्या रेडिओपेक्षा ही फार वरची फ्रिक्वेन्सी. तिथे तार नुसती तार राहत नाही, अर्धा इंच जास्त राहिली तर कॉइलसारखी वागते. सेटमध्ये अँटेनाच्या आधी एक पॉवर ट्रान्झिस्टर असतो, त्याला आम्ही फायनल म्हणतो. बोललेलं लांब पोचवायचं काम त्याचं. तो निवडणं ही खरी परीक्षा. बाजारात जुन्या मालावर नवा नंबर छापून विकतात, म्हणून छापलेल्या नंबरावर माझा विश्वास नाही. मी प्रत्येक नग लावून बघतो — किती वॅट देतो, बोटाला किती तापतो, आणि सिग्नल न देताच स्वतःच ओरडायला लागतो का. ओरडणारा नग कितीही ताकदीचा असो, मी कचऱ्यात टाकतो.

गेल्या हिवाळ्यात निमाई मंडलने त्याचा सेट आणला. निमाई बजबजच्या एका लाँचचा सारेंग, म्हणजे चालवणारा. नदीत नांगरलेल्या बार्जवर, म्हणजे सपाट मालबोटींवर, माणसं आणि सामान पोचवतो. सेटचा फायनल जळला होता. माझ्याकडे तीन नग होते. चांदनी बाजारातून आणलेला चकचकीत नग ओरडला. मुलाने ऑनलाइन मागवलेला बारा वॅटवरच दमला. तिसरा मी एका भंगार सेटमधून काढलेला, कळकट. त्याने बावीस वॅट दिले आणि थंड राहिला.

तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याचे पाय, म्हणजे जोडायच्या तारा, माझ्या मनाप्रमाणे नव्हते, दोन सूत लांब राहिले होते. चालत होतं. दुसऱ्या कोणीही सोडून दिलं असतं. मी तो परत काढला, पाय कापायचे म्हणून, आणि हरवू नये म्हणून चष्म्याच्या डबीत ठेवला.

तेवढ्यात मुलगा, मिलिंद, ऑफिसातून आला. टेबलावरचा पसारा बघून म्हणाला, "बाबा, त्यांना नवीन सेट घ्यायला सांगा की. तुमचे डोळे आता पूर्वीचे नाहीत." मी म्हटलं, डोळे नसले तरी हात आहेत. तो म्हणाला, हात थरथरतात. मग मी बोललो, तोही बोलला. रागारागात मी सेटचं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका दिला. ही माझी सवय. स्क्रू फिरवला की ठिपका तुटतो, म्हणजे दुसऱ्या कोणी हात घातला ते कळतं. तासाभरात निमाईचा माणूस येऊन सेट घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पेपर वाचायला बसलो, चष्मा पुसायचं फडकं काढायला चष्म्याची डबी उघडली. आत ट्रान्झिस्टर.

काय झालं ते मला लगेच कळलं. सेटवर सगळ्यांचं ऐकू येणार, दिवा लागणार, पण निमाई बोललेलं कोणाला जाणार नाही. खिडकीबाहेर समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, एवढं धुकं. निमाईचा फोन बंद. लाँच सहालाच सुटते, त्यावर सात माणसं. मिलिंदला उठवलं नाही. कुठल्या तोंडाने उठवणार? सोल्डरिंगचा डबा पिशवीत घातला, डमडमहून सियालदह, तिथून बजबज लोकल. सगळ्या गाड्या उशिरा. त्या प्रवासात मी कोणाला नमस्कार केला नाही की नवस बोललो नाही. फक्त माणसं मोजत होतो. सात.

जेटीवर पोचलो तर गर्दी. दुसरी एक लाँच निमाईच्या लाँचला दोरीने ओढत आणत होती. सातही जण डेकवर उभे. मी परत एकदा मोजले.

निमाई उतरला आणि माझे पाय धरायला वाकला. त्याने सांगितलं ते असं — मध्येच इंजिन बंद पडलं, लाँच वाहत जहाजांच्या वाटेत गेली, धुक्यात हात दिसेना. त्याने सेटवर हाक दिली. पहिल्याच हाकेला समुद्राकडून वर येणाऱ्या मोठ्या जहाजाच्या पायलटने, म्हणजे जहाजाला नदीतून वाट दाखवणाऱ्याने, उत्तर दिलं. जहाज डायमंड हार्बरच्याही खाली, तीसेक किलोमीटरच्या पलीकडे होतं. आवाज अगदी साफ येतोय म्हणाला, आणि जहाज तिथेच थांबवलं.

मी विचारलं, "बोलताना सेटवरच्या मीटरचा काटा कुठे होता?"

"नेहमीच्या जागी, मिस्त्रीबाबू. पार उजवीकडे."

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. नंतर हळूच ट्रान्झिस्टर बसवून आलो असतो. पण मी आयुष्यात दुसऱ्यांच्या चुका चारचौघांत दाखवल्यात, माझी लपवायला मन घेईना. डबी काढली, निमाईसमोर उघडली आणि सांगितलं, हा तुझ्या सेटचा आहे, मी विसरलो.

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. दोघं केबिनमध्ये गेलो. सेटच्या चारही स्क्रूंवर लाल ठिपके जसेच्या तसे होते. स्क्रू काढले, झाकण उचललं. फायनलची जागा रिकामी. माझ्या हाताने स्वच्छ केलेलं तांबं चमकत होतं.

निमाईने त्या जागी बोट फिरवून बघितलं. मी त्याला बटण दाबून बोलायला लावलं. काटा हलला नाही. लाँचच्या मालकाच्या अर्ध्या मैलावरच्या ऑफिसात सेट आहे, तिथे फोन करून विचारलं — काही नाही, जरा खरखर, शब्द एकही नाही.

मी सोल्डरिंग गरम करायला घेतलं तर निमाईने माझा हात धरला. "राहू द्या, मिस्त्रीबाबू. ज्याने आज ऐकलं तो ऐकेल. तुम्ही हात लावू नका."

मागे खलाशी उभे होते, त्यांचंही तेच म्हणणं. एक जण तर झाकणाला टेकवायला फूल घेऊन आला होता. मला राग आला. मी म्हटलं, उद्या ऐकलं नाही तर तुमच्या सातही घरी जाऊन मी काय सांगू? हात सोड. त्याने सोडला, पण मनापासून नाही. मी पाय कापले, ट्रान्झिस्टर बसवला. बावीस वॅट. ऑफिसातून लगेच उत्तर आलं. केबिनमध्ये कोणालाच आनंद झाला नाही.

मिलिंदला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, थंडीत नदीवर हवेचा थर असा बसतो की सिग्नल नळातून जावा तसा लांब जातो, आधीच्या टप्प्यातलं थोडंफार गळून बाहेर पडलं असेल. असेल. धुक्याच्या दिवसांत लांबची स्टेशनं मीही ऐकलीत. पण काटा? काटा तर सेटच्या आत जे तयार होतं तेच दाखवतो, बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध नाही. यावर तो म्हणाला, निमाई घाबरलेला होता, त्याला दिसला असेल. निमाई म्हणतो, दोन खलाशांनीही बघितला. पुढे बोलणं जात नाही. कारण मला सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कोणी वायरलेसवाला असेल तर जरूर लिहा.

आता त्रास वेगळाच झालाय. निमाईने ही हकीकत बजबजपासून खालपर्यंत सगळ्यांना सांगितली. माझ्याकडे दुप्पट सेट येतात. लोक टेबलासमोर बसतात आणि म्हणतात, मिस्त्रीबाबू, निमाईच्या सेटला केलंत तसं आमच्याही सेटला करून द्या. मी म्हणतो, अरे बाबांनो, मी काही केलं नव्हतं, मी विसरलो होतो. ते एकमेकांकडे बघून मान डोलावतात आणि सेट ठेवून जातात.