कण् म्हणजे कान नव्हे

माझ्या धाकट्या बहिणीला सहाव्या वर्षी मद्रासच्या एका दवाखान्यात मंदबुद्धी ठरवलं गेलं, आणि ते ठरवायला जेमतेम पंधरा मिनिटं लागली. या गोष्टीला साठ वर्षं होत आली. आता कानाच्या आत बारीक तार बसवून बहिऱ्यांना ऐकवतात, चार दिवसांच्या बाळाचं ऐकणं यंत्रावर मोजतात. ते वाचून मला आनंद होतो, नाही असं नाही. पण कानाचं मोजमाप म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं.

धाकटीला कमी ऐकू येतं हे आम्हांला ठाऊक होतं. आई तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलायची आणि तेवढ्या भांडवलावर ती पोर घरभर बडबडत फिरायची. आमचं घराणं तंजावरकडचं. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, पण घरात मराठी. अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, नियमच होता की उंबऱ्याच्या आत तमिळ बोलायची नाही. "तमिळ रस्त्यांत फुकट मिळते. मराठी घरांतच द्यावी लागते," असं ते मोठ्या तोऱ्यात म्हणत. मला ती रस्त्यात मिळाली. धाकटीला कशी मिळणार? रस्त्यावरचं बोलणं तिच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. तिच्याजवळचे सगळे शब्द आईने एकेक करून तिच्या कानात घातलेले, म्हणून सगळे मराठी. एवढी साधी गोष्ट घरात कुणाच्या ध्यानात आली नाही, आणि त्याचा राग मला अप्पांवरही आहे.

आम्ही मद्रासजवळ तांबरमला राहत होतो, तिथल्याच शाळेत तिला घातलं. वर्गात पन्नास मुली, आणि ही शेवटच्या बाकावर. तीन महिन्यांनी हेडमिस्ट्रेसबाईंनी आईला बोलावून सांगितलं, "ही विचारलेल्याचं उत्तर देत नाही. कान तपासून दाखला आणा. ऐकू येत असेल तर ठेवून घेते, नाहीतर मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत पाठवा." ती शाळा दूरच्या गावी होती, तिथेच राहायचं, आणि घरी वर्षातून दोनदा. आईने त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. आपण जवळ नसलो तर हिच्या कानाशी कोण बोलणार, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

अप्पांना कचेरीतून रजा मिळेना. मी तेरा वर्षांची होते, मला तमिळ फाडफाड येत होती, म्हणून आईबरोबर मी गेले. विजेच्या गाडीने मद्रासच्या एग्मोर स्टेशनला उतरलो आणि दवाखान्यात जाऊन बाकावर बसलो. डॉक्टर धाकटीला हाताला धरून आत घेऊन गेले. नातेवाइकांनी आत यायचं नाही, असा नियम. दाराला काच होती, तिला मी नाक लावून उभी राहिले.

आधी त्यांनी तिच्या कानांवर दोन काळे डबे चढवले आणि पेटीसारख्या यंत्राचं बटण फिरवायला लागले. आवाज आला की हात वर करायचा, हे त्यांनी तिला सांगितलं, पण तमिळमध्ये. ती डबे कुरवाळत हसत बसली. मग त्यांनी डबे काढले, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि तिच्याजवळ वाकून एकेक शब्द म्हणायला लागले. शब्द मला ऐकू येत नव्हते. धाकटी मात्र खुशीत होती. तिने पटकन कान धरला, मग नाकाला बोट लावलं, मग मान वर करून भिंतीवर काहीतरी शोधायला लागली. डॉक्टर दर वेळी कागदावर फुली मारत होते.

बाहेर येऊन त्यांनी आईच्या हातात कागद दिला आणि दुसऱ्या मुलाला हाक मारली. कागदाच्या तळाशी इंग्रजीत लिहिलं होतं: ऐकू जवळजवळ येत नाही, बुद्धीही मंद, सामान्य शाळेस अपात्र. मी ते गाडीत आईला मराठीत सांगितलं. आई धाकटीला मांडीवर घेऊन सगळ्या डब्यादेखत रडली.

मी तोच कागद पुन्हा वाचत होते. वर शब्दांची यादी होती, तमिळ अक्षरांत. 'कण्', म्हणजे डोळा. समोर शेरा: कानाला हात लावते, चूक. 'नाक्कु', म्हणजे जीभ. नाकाला हात लावते, चूक. 'पल्', म्हणजे दात. भिंतीकडे बघत राहते, उत्तर नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पोर कण् ऐकून कान दाखवत होती, नाक्कु ऐकून नाक दाखवत होती, आणि पल् म्हटल्यावर भिंतीवर पाल शोधत होती! ऐकू आल्याशिवाय कुणी पाल शोधतं का?

"आई, उतर," मी म्हटलं. "परत जायचंय."

"नको ग. डॉक्टर सरांस उलट बोलूं नये. ते शिकलेले."

"शिकलेले आहेत म्हणूनच त्यांना कळायला हवं होतं!"

गिंडी स्टेशन आलं तशी मी तिला जवळजवळ ओढूनच उतरवलं आणि उलटी गाडी धरली.

डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं, हे कबूल करते. मग म्हणाले, "मद्रासमध्ये जन्मलेल्या मुलीला कण् म्हणजे काय ते माहीत नाही? अग, मग तिला ऐकू येत नाही हेच सिद्ध झालं." म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हटलं, "सर, मी एक शब्द म्हणते. तुम्ही दाखवा." त्यांना गंमत वाटली असावी. "म्हण," म्हणाले. मी तो दाखला तोंडासमोर धरला आणि मोठ्याने म्हटलं, "नाक."

डॉक्टरांनी जीभ बाहेर काढली.

"चूक," मी म्हटलं. "आमच्यात नाक म्हणजे हे." आणि नाकावर बोट ठेवलं. धाकटी आईचा पदर धरून एकदा डॉक्टरांच्या जिभेकडे, एकदा माझ्या नाकाकडे बघत होती. दाराशी उभी असलेली नर्स तोंडावर पदर धरून हसायला लागली. डॉक्टरांचे कान लाल झाले, पण त्यांनी मला आत घेतलं.

या वेळी पुठ्ठा मी धरला. डोळा, दात, हात, केस, पाय. जोरात म्हटलेले शब्द तिला आले, हळू म्हटलेले बरेचसे गेले. काळे डबे लावण्याआधी मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं काय करायचं ते, तर तिचा हात नीट वर जायला लागला. ऐकू कमी येतं पण येतं, पहिल्या बाकावर बसवावं, शाळेस पात्र. डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि सही केली. मात्र पहिल्या तपासणीत चूक झाली असं लिहिलं म्हणता? छे! लिहिलं होतं, "दुसऱ्या तपासणीत श्रवणशक्तीत व आकलनात समाधानकारक सुधारणा." दोन तासांत सुधारणा! मी भांडायला तोंड उघडलं, तर आईने माझा हात दाबला आणि डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. ज्याने चूक केली त्याला नमस्कार, आणि जी बरोबर होती ती सुधारली म्हणे.

गाडीत आई हसत होती. पोर घरीच राहणार होती, तिला दुसरं काही नको होतं. तिने धाकटीला जवळ ओढलं, तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि लाडाने तिला पाप्पा, म्हणजे बाळ, म्हणत विचारलं, "माझ्या पाप्पाचें नाक कोठें?"

हा खेळ त्या दोघी रोज खेळत. आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत धाकटी नाक पकडून खिदळायची. त्या दिवशी तिचा हात अर्ध्यात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अक्का, कोणतें दाखवूं?"