गुडघेदुखीचा मंगळवार

माझी आई आजारी आहे हे आम्हाला कळलं, कारण तिने मला शिव्या देणं बंद केलं.

एरवी आमच्या घरात दिवस उजाडायचा तो तिच्या तोंडाच्या पट्ट्यानेच. कोंबडी शेजारी गेली तर दोष माझा, सरपण भिजलं तर माझा, पाऊस लांबला तरी माझाच! पण बाबा गेले आणि महिन्या-दोन महिन्यांत आई गप्प झाली. नागलीची भाकर ताटात तशीच राहायची. झोप तर नावालाही नाही. एकदा माझ्या हातून तिचं आवडतं मडकं फुटलं. मी डोळे मिटून, खांदे पाडून तयार उभा राहिलो. ती म्हणाली, "राहूं दे." बस्स, एवढंच! त्या दिवशी मी खरा घाबरलो.

"अहो, आईंना मनाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं," बायको म्हणाली. "एवढं कार्ड आहे ना आपल्याकडे!"

कार्ड म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं. खोडाळ्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि आसपासच्या पाड्यांतली सगळी कार्डं मीच काढून, वर प्लास्टिक चढवून देतो. देताना छाती फुगवून सांगतो, "आता कुठलाही आजार येऊ दे, हे नुसतं दाखवायचं!" (कुठे दाखवायचं, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.)

मी कार्डाच्या मागचा नंबर फिरवला. एक दाबा, दोन दाबा करता करता अंगठा दुखायला लागला, तेव्हा एक ताई बोलल्या. त्यांनी तीन तासांवरच्या एका हॉस्पिटलचं नाव दिलं. तिथे फोन केला.

"मनाचे डॉक्टर आहेत का हो? कार्डावर?"

"मनाचे नाहीत. मुतखड्याचे आहेत. चालेल?"

"मुतखडा नाही हो, आई बोलत नाही!"

"मग भरती करावं लागेल. भरती असेल तरच कार्ड चालतं."

"कशासाठी भरती करणार?"

"ते डॉक्टर सांगतील."

"कुठले डॉक्टर?"

"तेच तर आमच्याकडे नाहीत ना!"

नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात तर मी 'कार्ड' म्हणेपर्यंत फोन कटला. आठ दिवस मी फोन लावत होतो. शेकडो लोकांना कार्ड वाटणारा मी, माझ्याच आईचं कार्ड खिशात घेऊन फिरत होतो.

शेवटी वाट दाखवली ती देवजी भगताने. हा आमच्याकडचा नावाजलेला भगत. तांदळाचे दाणे टाकून कुणाला काय लागलंय ते सांगतो. मी शिकलेला, त्यामुळे त्याच्याकडे जायचा प्रश्नच नव्हता. तोच दुकानात आला, कार्डाला प्लास्टिक चढवायला, आणि माझं फोनवरचं बोलणं त्याने ऐकलं.

"जव्हारच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एका मंगळवारी डॉक्टरीण येते," तो म्हणाला. "डोक्याची. कार्डबिर्ड काय नको, केसपेपर काढ नि बस."

"तुला रे काय माहीत?"

"माझी बायको जातं ना! घरच्या माणसाला काय तांदूळ बघत बसू?"

आता तिथे जायचं ठरलं, तर मला दुसरीच काळजी. पाड्यात काय सांगायचं? 'अमक्याची आई वेड्यांच्या डॉक्टरकडे' अशी बोंब व्हायची! म्हणून शेजारच्या काशीकाकूने विचारल्यावर मी सहज थाप मारली, "आईचा गुडघा दुखतो. जव्हारला डॉक्टरीण येते. फार गुण आहे म्हणे."

भाताची लावणी वाकून करणाऱ्या आमच्या मुलखात 'गुडघ्याला गुण' हे सांगायची गोष्ट आहे का? मंगळवारी सकाळी मी आईला घेऊन जीपपाशी पोचलो, तर जीप भरलेली! काशीकाकू धरून सात म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या हातात मीच बनवलेलं कार्ड.

"चल रं बाबा," काशीकाकू म्हणाली, "तूच बोललास ना, नुसतं दाखवाचां!"

मोखाडा ओलांडून जव्हार येईपर्यंत जीपमध्ये गुडघ्यांशिवाय विषय नव्हता. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

दवाखान्यात सातही जणींनी माझ्याआधी केसपेपर काढले. डॉक्टरीणबाईंनी दारातूनच व्हरांड्यातल्या पहिल्या बाकावरच्या काशीकाकूला विचारलं, "आजी, झोप लागते का?"

"गुडघा ठणकला का नाय लागत."

"मन कशात रमतं?"

"गुडघ्यात काय रमंल?"

दुसरीने लुगडं वर घेऊन गुडघाच पुढे केला. बाई चक्रावल्या. "तुम्हाला इथे पाठवलं कुणी?"

सात बोटं माझ्याकडे वळली.

"आई," मी कसंबसं म्हणालो, "मी फक्त..."

आणि आई उठली! "मेल्या! मुडद्या! म्हणजे गुडघ्याचां सांगून आणलंस सगळ्यांला? तुझा बाप गेला, मना झोप नाय, घास उतरं नाय, नि तुला माझी लाज वाटतं? गुडघं तुझं मोडाया पायजेत, भाड्या!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ती बोलली ते खरं होतं. मला लाज वाटली होती. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की मी रडायलाच लागलो.

काशीकाकूने आईचा हात धरला. "मना पण नाय लागत गो झोप," ती हळूच म्हणाली. "पोरगा गेला तवाधरनं. गुडघा आपला सांगाला."

त्या दिवशी बाईंनी आधी आईला आत घेतलं, मग काशीकाकूला. उरलेल्या सहा जणींना हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. परतीच्या जीपमध्ये खोडाळ्यापर्यंत आठ बायका आळीपाळीने मला शिव्या घालत होत्या.

आता दर महिन्याच्या त्या मंगळवारी आई आणि काशीकाकू एकत्र जातात. गोळ्या चालू आहेत, भाकर अर्ध्यावरून दीडवर आली आहे. परवा बाईंनी मला विचारलं, "घरी फरक जाणवतो का?"

"जाणवतो ना! काल दुपारपर्यंतच अकरा शिव्या झाल्या."

"छान! गोळ्या अशाच चालू ठेवू."

गोळ्या चालू राहू देत, पण त्यातून माझ्यापुरत्या दोन-तीन शिव्या कमी होतील का, एवढं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आई शेजारीच बसली होती.