माइकवर उतरलेला अर्धा तास

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. पोंभुर्ण्यात आमच्या घरी संगणक होता आणि त्यात टीव्ही कार्ड बसवलेलं होतं. मी चंद्रपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. टीव्हीवरच्या बातम्या साठवता याव्यात म्हणून ते कार्ड घेतलं होतं. केबलची वायर संगणकाला मागून जोडायची, चॅनल लावायचं आणि पडद्यावरचं लाल बटण दाबायचं. चालू कार्यक्रम हार्ड डिस्कवर उतरत जाई. जागा कमी असल्यामुळे नवीन काही ठेवायचं तर जुनं पुसावं लागे.

शेजारच्या बाई तलावावर मासेमारी करणाऱ्या महिलांच्या गटाच्या अध्यक्ष होत्या. नागपूरहून संध्याकाळी थेट प्रसारित होणाऱ्या शेतीच्या एका कार्यक्रमाचं त्यांना बोलावणं आलं. साहेब लोक समोर बसणार होते. गटातल्या बायकांनी त्यांना एकच गोष्ट बोलायला सांगितली होती: धानाला पाणी सोडताना तलाव पार रिकामा करू नका, मासोळीपुरतं पाणी ठेवा.

जाण्याआधी त्या आमच्याकडे आल्या. "भाऊ, मी तं तिथी राहीन. मले कसं दिसन? तुमच्या कंपूटरात भरून ठेवा."

त्यांचे पती दारातून म्हणाले, "काय भरता भाऊ? ही ग्रामसभेत तोंड उघडत नाई. तिथी फोटोवानी बसून राहीन."

"तुमी जाळं शिवा," बाई म्हणाल्या.

आदल्या दिवशी मी दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाहिलं. चित्र आलं, आवाजही आला, फक्त जरासा दबका. कार्ड स्वस्तातलं होतं, म्हणून तसा येत असेल असं समजून मी ते तिथेच सोडलं.

कार्यक्रमाच्या वेळी आमच्या पुढच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. बाईंच्या सासूबाईंना खुर्ची दिली होती. पती संगणकाच्या टेबलाला टेकून उभे होते. वीज जाण्याची वेळ होती, पण त्या दिवशी ती गेली नाही. निवेदकाने बाईंना बराच वेळ झिंग्यांच्या भाजीबद्दल विचारलं. मग बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि नंतर पाण्याचं बोलल्या. खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने त्या परतल्या आणि पिशवी घेऊन सरळ आमच्याकडे आल्या.

"मले त्या दिव्यांचा उजेडच आठवते. पाण्याचं बोलली का नाई, तेच ध्यानात नाई."

बोललात, असं मी सांगितलं. सासूबाईंनीही सांगितलं. बाईंना ते पटेना. "तुमी तं तसंच म्हणाल. मले वाईट वाटू नये म्हणून. बायांनी मले त्याच्याचसाठी पाठवलं होतं. दाखवा."

फाइल लावली. पडद्यावर बाईंचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता तो आमच्या खोलीचा. कार्डाचा आवाज संगणकात जायला एक छोटी वायर असते, आणि सेटिंगमध्ये ती निवडावी लागते. मी टेबलावरचा माइक निवडलेला तसाच ठेवला होता. चाचणीच्या वेळी खोलीत मी एकटा होतो, माइकने स्पीकरमधलाच आवाज टिपला आणि चूक लक्षात आली नाही. या वेळी माइकजवळ माणसं होती. बाईंचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता. त्यातला शब्द कळत नव्हता.

"पंखा बंद करा ना, आयकू येत नाई," हा सासूबाईंचा आवाज.

"पदर कसा घेतला पाय तं. लग्नातबी असा घेतला नव्हता," हा पतींचा.

मी चूक कबूल केली आणि फाइल बंद करायला गेलो. बाईंनी हाताने थांबवलं. त्या आता पडद्याकडे पाहत नव्हत्या, नुसतं ऐकत होत्या.

"झिंग्याचंच इचारून राह्यला तो. तलावाचं इचार ना बाबा." पुन्हा पती. थोड्या वेळाने, "झालं, चूप बसली. मी म्हटलो होतो."

त्यानंतर बाईंचा दूरचा आवाज तेवढा चालू होता. मग माइकच्या अगदी जवळून, हळू आवाजात पती:

"बोलली. पाणी ठेवा म्हणली ना वं माय. सायबाच्या तोंडावर बोलली."

"तं तू रडून काऊन राह्यला?" हा सासूबाईंचा.

"कोण रडते? बिडीचा धूर गेला डोळ्यात."

आमच्या घरात बिडी कोणी ओढत नव्हतं.

"तेवढंच लावा भाऊ," बाई म्हणाल्या. तीन वेळा लावलं. तिसऱ्या वेळी दाराशी उभे असलेले पती जाळं बघून येतो म्हणत निघाले.

"कुठी चालले?" बाईंनी पिशवी उचलली. "गटाच्या बाया तलावाच्या पाळीवर वाट पाहून राह्यल्या. माझ्यासंगं चाला."

"मी काऊन?"

"माझा आवाज आलाच नाई. तुमचा आला. बायाईले तुमीच सांगा."

"काय सांगू?"

"यात सांगतलं तेच."

पतींनी चपला घातल्या. बाई पुढे आणि ते मागे, असे दोघं तलावाच्या पाळीकडे गेले.