रंगमामांचं मनगट

रंगमामांना सगळी नाचमंडळी मामा म्हणायची, पण ते खरे मामा एकीचेच. बहीण गेल्यावर तिची पाच वर्षांची पोर त्यांनी वाढवली आणि तीच पुढे आमच्या संचात मुख्य नाचायला लागली. तिचं ऐकून बाकीच्याही मामा म्हणू लागल्या. मी त्याच खोलीत कपडे शिवायची, इस्त्री करायची. सतरा वर्षं आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती, त्यामुळे आमची भांडणंसुद्धा एकमेकांकडे न बघताच व्हायची.

माणूस तोंडाचा फटकळ. चेहरा रंगवायचा तो शेवटच्या रांगेसाठी, हा त्यांचा हट्ट. एखादी नवी मुलगी आरशात बघून "मामा, मी भूत दिसतेय" म्हणाली की म्हणायचे, "पुढच्या चार माणसांना घाबरू दे. मागच्या चारशेंना देखणी दिसशील." तयार रंगाच्या डब्या त्यांना चालत नसत. पावडर आणायची, मेणात आणि तेलात घोटायची, आणि नवा रंग कुणाच्या चेहऱ्याला लावण्याआधी एक दिवस स्वतःच्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूला लावून ठेवायचा. खाज आली, कातडी लाल झाली, की अख्खी डबी मोरीत. इतक्या वर्षांत एका मुलीला साधा पुरळ उठला नव्हता, आणि हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे.

तो रंग पुसायला ते स्पिरिट वापरायचे, तेही खसाखसा घासून. वर्षानुवर्षं तीच जागा, तिथली कातडी टाचेसारखी जाड आणि राठ झालेली. एकदा मी गरम इस्त्री घेऊन वळले आणि तिचं टोक त्यांच्या त्याच मनगटाला टेकलं. जळका वास आला, मी किंचाळले, आणि मामा आपले एका मुलीची भुवई काढतायत! माझ्या ओरडण्यानं त्यांनी खाली पाहिलं. "अरे, भाजलं की," एवढंच म्हणाले. खोली हसली. "मामा, गेंड्याची कातडी आहे तुमची," असं मी म्हटलं आणि सगळ्यांत जास्त मीच हसले. पण हसताहसताच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या हाताला इस्त्री कळत नाही, त्याला रंग काय कळणार? मी ते बोलले नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले. कोण त्या फटकळ तोंडाला लागणार!

चार महिन्यांनी त्यांचा नेहमीचा पावडरवाला दुकान बंद करून गेला. लाल रंग दुसरीकडून आला. मामांनी घोटला, मनगटावर लावला, दुसऱ्या दिवशी पुसला. मनगट स्वच्छ.

प्रयोगाच्या संध्याकाळी पहिला हात भाचीच्या गालाला लागला. डोळ्यांच्या कडेपर्यंत लाल ओढायचा होता. "मामा, चुरचुरतंय रे," ती म्हणाली.

"मनगटावर बघितलंय मी. नखरे नकोत."

ती गप्प बसली. मामा चुकत नाही, हे ती पाचव्या वर्षापासून ऐकत आली होती. दीड तास नाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत येऊन तिनं ओल्या फडक्यानं गाल पुसले तेव्हा फडक्याला रंगाबरोबर कातडीही आली. बाकीच्या मुलींना रंग लावायचाच नव्हता, म्हणून त्या वाचल्या. त्यांनी त्या दिवशी मुखवटे घातले होते.

डोळे वाचले. गाल मात्र पापणीपासून हनुवटीपर्यंत सुरकुतलेल्या कागदासारखे झाले. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं, मग मामांचं मनगट हातात घेऊन सुई टोचली. "कळतंय?"

"टोचलीत का?" मामांनी विचारलं.

बाईंनी पुन्हा टोचली. रक्ताचा थेंब आला. "इथं तुम्हाला काहीच कळत नाही. कधीपासून?" मामा खाली बघत राहिले. मी भाचीची चप्पल हातात धरून बाजूलाच उभी होते. मला तारीखसुद्धा माहीत होती. मी चपलेचा पट्टा सारखा करत राहिले.

त्या दिवसानंतर मामा कामावर आले नाहीत. नाच तर भाचीचाही सुटला. दिव्यांसमोर चेहरा धरायचा म्हटलं की तिला कापरं भरायचं. तरी ती मामांना जेवू घालायची, त्यांच्याशी बोलायची. कुणी त्यांना नावं ठेवली की म्हणायची, "त्याला तरी काय माहीत? त्यालाच फसवलं त्याच्या हातानं." आता त्या दोघांना एकमेकांशिवाय होतं तरी कोण?

हे ऐकलं आणि मला अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. भाची आत चहा टाकत होती. मामा खाटेवर बसले होते. मी हळूच म्हटलं, "मामा, इस्त्री लागली तेव्हाच मला कळलं होतं. मी बोलले नाही."

ते डावं मनगट चोळत राहिले. आतला स्टोव्ह बंद झाला. कप घेऊन भाची दारापर्यंत आली, आणि तिच्याकडे पाठ असलेले मामा तेवढ्यात बोलले, "मलाही कळलं होतं. त्याच दिवशी घरी येऊन सुई टोचून बघितली, दहा वेळा. पण सांगितलं असतं तर माझ्यासमोर चेहरा धरून कोण बसलं असतं?"

भाचीनं कप खाली ठेवले. एक थेंबही सांडला नाही. ती आत गेली, आणि मी चहा न पिताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपड्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. "मावशी, त्याला माहीत होतं," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. तिनं मामांचंच बोलणं ऐकलं होतं. मी काय बोलले, ते ती दारात यायच्या आधीचं.

आता ती माझ्याकडेच असते. शिवण शिकतेय, हात चांगला आहे. आलेल्यागेलेल्याला सांगते की जगात खरं वागणारी एकच मावशी आहे. मी ऐकते आणि सुईत दोरा ओवत बसते.