बुधवारची दाढी : स्कूटरवरून वडूज, म्हसवड आणि सांगली

माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसणाऱ्या बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांच्या मुलीनं भाषणात सांगितलं, की बाबा आठ वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि आई रोज त्यांचं सगळं आवरून ऑफिसला यायची. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या डब्यातली मेथीची भाजी मी एकोणीस वर्षं खाल्ली होती.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक सवय लावून घेतली. रोज कुणासाठी तरी एक लहानसं काही करायचं. सुरुवात वाईट झाली. सोसायटीच्या वॉचमनकाकांना मी रोज सकाळी चहा देऊ लागले. दोन महिन्यांनी कळलं, त्यांना मधुमेह आहे. मला वाईट वाटू नये म्हणून ते माझी पाठ वळली की चहा जास्वंदीच्या कुंडीत ओतायचे. जास्वंदही वाळली बिचारी.

तर अशी मी, एक्कावन्न वर्षांची, फेब्रुवारीत चार दिवसांची रजा टाकून पुण्याहून स्कूटरवर निघाले. सांगलीला माझी मावसबहीण सुनंदा राहते, तिच्याकडे जायचं होतं. सरळ महामार्गानं गेलं तर पाच तासांचं काम. पण मला माणदेश बघायचा होता, म्हणून साताऱ्यात मुक्काम करून वडूज, म्हसवड, आटपाडी असा वळसा घ्यायचं ठरवलं. मागच्या सीटवर कुणी नव्हतंच. मनाशी म्हटलं, वाटेत जो हात दाखवेल त्याला सोडायचं. त्यासाठी जास्तीचं हेल्मेटही घेतलं.

पहिला दिवस साताऱ्यापर्यंत. खंबाटकी घाटात ट्रक फार, दुचाकीवाल्यांनी डावी बाजू सोडू नये. साताऱ्यात एसटी स्टँडजवळ सातशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली आणि कंदी पेढे दोन डबे घेतले, एक सुनंदासाठी आणि एक वाटेतल्या मोहासाठी.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी सातला निघाले. कोरेगाव सोडलं की ऊस मागे पडतो. वर्धनगडाचा घाट छोटा आहे, पण चढून पलीकडे उतरलं की हवा बदलते. कोरडी होते, आभाळ मोठं होतं. पुसेगावात फाटा फुटतो तिथे गरमागरम वडापाव खाल्ला आणि वडूजच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. एका बांधावर हुरडा भाजत होते, त्याचा वास रस्त्यावर आला होता.

वडूज ओलांडून थोडं पुढे गेले तर झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरा सदरा, पायजमा, पायात पॉलिश केलेले काळे बूट, छातीशी कापडी पिशवी धरलेली. त्यांनी हात केला, पण मी बाई आहे हे दिसताच झटकन खाली घेतला. मी थांबले.

"कुठं जायचंय?"

"म्हसवडला. आज एसटी आलीच न्हाई. पर तुमी जावा ताई, मी बघतो दुसरं."

"मीपण म्हसवडलाच चाललेय. बसा."

त्यांनी हेल्मेट घेतलं, नीट पट्टा लावला. मग आमच्या दोघांच्या मधे पिशवी ठेवली आणि मागची कडी दोन्ही हातांनी पकडून ताठ बसले. बसण्यावरून वाटलंच होतं, फौजेतले निघाले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गावात सगळे आप्पा म्हणतात.

वाऱ्यात ओरडून ओरडून त्यांनी सांगितलं, की म्हसवडला हणमंत नावाचा त्यांचा दोस्त आहे. एकाच दिवशी भरती झाले, बावीस वर्षं एका पलटणीत काढली. चार वर्षांपूर्वी हणमंतला अर्धांगवायू झाला. तेव्हापासून दर बुधवारी आप्पा त्याची दाढी करायला जातात.

"फक्त दाढी करायला?" मी विचारलं.

"व्हय. दाढीच."

दहिवडीत चहाला थांबलो. इथे चहा गोड आणि दाट असतो, सोबत गरम भजी घ्यावी. आप्पांनी चहा बशीत ओतला आणि बशी दोन्ही हातांनी उचलली. तरीही चहा हिंदकळून सदऱ्यावर सांडला. त्यांनी पटकन बशी खाली ठेवली.

"थंडी हाय आज," ते म्हणाले.

अकरा वाजले होते आणि मी जाकीट काढून डिकीत ठेवलं होतं. मी माझं बिस्कीट बुडवून खात राहिले.

पुढचा रस्ता उत्तम आहे. गोंदवल्यात भाविकांच्या गाड्यांमुळे जरा हळू जावं लागतं, एवढंच. म्हसवडच्या अलीकडेच हणमंतरावांचं घर, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. मी आप्पांना सोडून निघणार होते, पण घरातली सून बाहेर आली. "आवं, उन्हातनं आलाय, पाणी तरी घ्या," म्हणाली. तिचं नाव सुवर्णा. तिशीची असेल, डोक्यावर पदर. नवरा फौजेत, राजस्थानात. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात ती, तिची शाळेत गेलेली मुलगी आणि हे सासरे.

हणमंतराव पडवीत खाटेवर उशांना टेकून बसलेले होते. उजवं अंग गेलेलं, जीभ जड. आप्पांना बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला.

सुवर्णानं गरम पाण्याचं भांडं आणून ठेवलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. आप्पांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून टॉवेलवर मांडली. ब्रश, साबण, रेझर, तुरटीचा खडा, हातात मावेल एवढा आरसा. साबण लावेपर्यंत ठीक चाललं. मग त्यांनी रेझर उचलला आणि हात थरथरायला लागला. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं. थांबले. पुन्हा उचलला. तेव्हा मला हणमंतरावांच्या हनुवटीवरची खपली दिसली, गेल्या बुधवारची.

आणि मी, मदतीची सवय लावून घेतलेली बाई, बोलले. "आप्पा, हल्ली मशीन मिळतं, अजिबात कापत नाही. मी पाठवून देते हवं तर. किंवा न्हावी घरी येत असेल ना?"

आप्पांनी रेझर पाण्यात बुडवला, तसाच धरून ठेवला.

"न्हावी येतो म्हणलावता की," ते शांतपणे म्हणाले. "चांगला हाय. पर ताई, ह्याला झटका आला तवा मी भेटाया आलो आणि काय बोलावं ते कळंना. हा बी बोलंना. दाढी लय वाढलीवती. म्हणलं चल, दाढी करू. तवापासनं असंच. दोघं बी बोलत न्हाई. पर अर्धा तास ह्याचं तोंड माज्या हातात असतंय."

माझे कान तापले. चहाच्या वेळेला गप्प बसले होते तेच बरं होतं.

"कर... रं," हणमंतराव कसंबसं म्हणाले आणि गाल पुढे केला.

आप्पांनी पुन्हा प्रयत्न केला. पातं गालापर्यंत गेलं आणि तिथेच हलत राहिलं. त्यांनी ते मागे घेतलं, भांड्यात ठेवून दिलं.

"हणमा, आता न्हाई जमायचं गड्या. तुला कापीन मी."

हणमंतरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. गालावरचा साबण वाळायला लागला होता. त्यांचा डावा खांदा हलत होता. आप्पा मांडीवर हात दाबून बसले होते, जणू दाबलं तर ते थांबतील.

मला काहीतरी करायची फार इच्छा होत होती. पण काय करावं हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून मी जागची हलले नाही.

मग उंबऱ्यातून आवाज आला. "आप्पा, मी करू का?"

आप्पांनी वर बघितलं. "तू? अगं, सासऱ्याच्या तोंडाला..."

"मला ठावं हाय," सुवर्णा म्हणाली. ती पुढे आली, खाटेजवळ खाली बसली. "मामंजी, मी केली तर चालंल का तुमाला? न्हाई म्हणलासा तर न्हाई करत."

हणमंतराव किती तरी वेळ भिंतीकडेच बघत होते. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग त्यांनी मान हळूहळू इकडे फिरवली, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

सुवर्णानं पदर कमरेला खोचला. पुन्हा साबण लावला. रेझर हातात घेऊन तिनं आप्पांकडे बघितलं.

"डाव्या हातानं कातडं ताण," आप्पा सांगू लागले. "वरनं खाली. दाबू नकोस, वजन त्याचं त्यालाच ऱ्हाऊ दे. हां. आता धू. मानंपाशी त्याचे केस उलटं हायती, तिथं सावकाश."

चार वर्षांत त्यांच्या बोटांना जे जे कळलं होतं, ते सगळं त्यांनी तिला सांगितलं. कुठे तीळ आहे, कुठे जुनी जखम आहे, कुठे गुदगुल्या होतात. मी फक्त पाणी बदलून आणलं.

शेवटी आप्पांनी आरसा समोर धरला. दोन्ही हातांनी धरला, तरी आरसा थरथरतच होता. हणमंतरावांनी त्यात हलणारं आपलं तोंड पाहिलं आणि अर्ध्या ओठांनी म्हणाले, "नीट... धर... की."

आप्पा हसले. हसता हसता आरसा बाजूला ठेवून त्यांनी टॉवेलात तोंड खुपसलं. बराच वेळ ते तसेच होते. सुवर्णा भांडं घेऊन आत गेली, तीही लवकर बाहेर आली नाही.

जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा. निघताना मी आप्पांना विचारलं, "वडूजला सोडू का परत?" आधी विचारायचं, एवढं तरी शिकले होते.

"नको. तीनची एसटी हाय. तवर बसतो ह्याच्यापाशी."

"पुढच्या बुधवारी?"

"येणार की. हात नसला म्हणून काय झालं, बसाया तर येतंय."

सुवर्णानं माझा नंबर घेतला. मी सिद्धनाथाच्या देवळात गेले. दगडी मंडपात गार वाटतं, दुपारी गर्दीही नसते. म्हसवडला गेलात तर घोंगडी नक्की बघा. हातमागावरची घ्या, टोचते, पण थंडी आत येऊ देत नाही. रात्री तिथल्याच लॉजवर राहिले.

गुरुवारी आटपाडी, विटा, तासगाव करत सांगली. आटपाडीत रस्त्याच्या कडेला डाळिंबं स्वस्त मिळतात. तिथून विट्यापर्यंत मागे एक नर्सबाई बसल्या, वाटभर त्यांनी मला सुनेची तक्रार ऐकवली आणि उतरताना "मोकळं वाटलं बघा" म्हणाल्या. तासगावपासून द्राक्षबागा सुरू होतात. सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूनं शिरलं की नवी हळद आधी नाकाला कळते.

सुनंदानं दार डाव्या हातानं उघडलं. उजवा खांदा सहा महिन्यांपासून आखडलेला. फोनवर कधी बोलली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. केस नीट बांधता येत नाहीत म्हणून तिनं ते कसेतरी क्लिपमध्ये अडकवले होते. जुनी मी असते तर तिथल्या तिथे तीन डॉक्टरांची नावं सांगितली असती.

"वेणी घालू का तुझी?" मी विचारलं.

ती मग पाटावर माझ्याकडे पाठ करून बसली. तेल लावून, गुंता सोडवून वेणी घालायला अर्धा तास लागला. तेवढ्यात तिनं सहा महिन्यांचं सगळं सांगितलं. संध्याकाळी आम्ही भडंग घेऊन कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो, आणि ती पुन्हा पुन्हा वेणी पुढे घेऊन बघत होती.

शनिवारी महामार्गानं घरी आले. एकूण साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. पाठ दुखली, बाकी स्कूटरनं काही त्रास दिला नाही.

मी हणमंतरावांसाठी म्हणाल तर काहीच केलं नाही. एका माणसाला तासभर मागे बसवलं, आणि एकदा नको ते बोलले. रोज काहीतरी करण्याचा नेम अजून चालू आहे, पण आता मी आधी जरा वेळ नुसती शेजारी बसते.

महिन्याभरानं एका बुधवारी दुपारी सुवर्णाचा फोन आला. मी रजेवर होते, कपडे वाळत घालत होते.

"ताई, आप्पा आल्यात, आरसा धरून बसल्यात," ती म्हणाली. "आज दाढी झाल्यावर मामंजींनी मला हाक मारली. धा वर्सं झाली लग्नाला, कवा नावानं बोलावलं नव्हतं. 'पोरीची आई' म्हणायचे. झटका आल्यापासनं तर तेबी न्हाई. आज म्हणले. लय येळ लागला त्यास्नी, पर पुरं म्हणले."

ओला टॉवेल माझ्या हातात तसाच होता.

"कसं म्हणाले?" मी विचारलं. "परत सांग."

आणि तिनं स्वतःचं नाव, त्यांच्यासारखंच थांबत थांबत, मला म्हणून दाखवलं.