आईच्या तोंडी न येणारं नाव

आमचा पाडा पणजोबांच्या नावाचा. ते सूर्यमाळच्या बाजूने उतरले, इथल्या उतारावर नाचणी केली, आणि लेकानातवंडांची नऊ घरं झाली. नाव इथे सांगत नाही. पाडा अजून आहे आणि भाऊबंद भांडखोर आहेत. थोरल्या नातवालाही तेच नाव ठेवलं. तो माझा बाप.

जव्हारचं संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या हिवाळ्यात पाड्यांची यादी करायला एक कारकून आला. पुरुष जंगलात लाकूड तोडायला गेले होते. टोपीवाला माणूस वेठीला धरून नेतो एवढंच आम्हा पोरांना ठाऊक, त्यामुळे आम्ही कारवीच्या झुडपांत दडलो. राहिल्या बायका, आणि त्या सगळ्या सुना. आजेसासऱ्याचं नाव घ्यायचं कुणी? आईची तर दुहेरी पंचाईत, कारण नवऱ्याचंही तेच नाव. ते घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, याबद्दल तिला तीळभर शंका नव्हती.

"पाड्याचं नाव काय?"

"पोरांचे बापाचा पाडा," आई म्हणाली.

"बापाचं नाव?"

"पाड्याचं हाय तेच."

बायका पदरात हसल्या. कारकून वैतागला. "अहो बाई, मग लिहू काय?"

"वरला हाय ना, सायेब," म्हणून आईने हात वर केला. त्याने "वरचा पाडा" लिहिलं आणि सुटलो एकदाचा म्हणत निघून गेला.

ओहोळापलीकडे खरोखरचा वरचा पाडा होता. तीन-चार वर्षांनी त्या यादीवरून आमच्यासाठी शाळा मंजूर झाली, पण कागदावर नाव वरच्या पाड्याचं. मास्तर आणि फळा सरळ तिकडे गेले. पावसाळाभर ओहोळ ओलांडता येत नसे, म्हणजे आम्हा पोरांची शाळा गेलीच. "माझे जिभेनं पोरांची शाळा गिळली," असं आई म्हणायची आणि जेवण टाकायची. मला मात्र तिचा भयंकर राग यायचा. एक शब्द तर म्हणायचा होता!

बापाने जव्हारच्या कचेरीत अर्ज दिला. उत्तर आलं, ज्या बाईने नाव सांगितलं तिनेच येऊन दुरुस्त करावं. आम्ही तिघं चालत गेलो. बाप आईला पढवेल म्हणून साहेबाने त्याला बाहेर पडवीत बसवलं.

"बोला बाई."

आईने माझा हात धरला. तिचे नुसते ओठ हलत होते. मी तोंड उघडलं तर साहेब म्हणाला, "पोरीने नाही, बाईनेच सांगायचं." आईने दुसऱ्या हाताने गळ्यातली पोत मुठीत धरली. ती आता माझ्या शाळेसाठी बापाचं आयुष्य देणार आहे, हे मला तेव्हा कळलं आणि नको शाळा असं वाटलं. पण तिने डोळे मिटले आणि डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ते नाव ओरडली.

"ओ!" पडवीतून बाप ओरडला.

साहेबाने नाव लिहून घेतलं. पुढच्या वर्षी शाळा आमच्या पाड्यात भरली. मी तिथे शिकले, पुढे तिथेच शिकवलं. पण त्या क्षणी बाप धावत दारात आला होता. उभ्या जन्मात त्या आवाजात त्याने स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं.

"कोन हाक मारली मला?"

"सरकारनं," आई म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली.